डॉमिनिका: सत्तर हजारांचा देश, मोठा विमानतळ आणि देशाभिमान

शेवग्याची शेंग (धागाकर्ती)

आधीच सांगून ठेवते, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद त्यातच जातील: डॉमिनिका वेगळा आणि डॉमिनिकन रिपब्लिक वेगळा. मी बोलतेय ते ग्वादलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधल्या जेमतेम ७५० चौरस किलोमीटरच्या डोंगराळ बेटाबद्दल. राजधानी रोझो.

आम्ही टोरांटोहून ऑक्टोबरच्या शेवटी गेलो होतो. ३ नोव्हेंबर हा त्यांचा स्वातंत्र्यदिन (१९७८), आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारी क्रिओल डे असतो (क्रिओल म्हणजे फ्रेंच आणि आफ्रिकी मिश्रणातून घडलेली तिथली बोली आणि संस्कृती). त्या दिवशी बँकेतली कॅशियर, शाळेची पोरं, बाजारात कंदमुळं विकायला बसलेल्या आज्या, सगळे मद्रास चौकडीच्या कापडात. हो, आपल्याकडच्या मद्रासहून बोटीतून गेलेलं तेच कापड, आता त्यांचा राष्ट्रीय पोशाख झालंय. पर्यटकांना दाखवायला घातलंय असं वाटत नव्हतं, कारण पर्यटक मुळात फारसे दिसतच नव्हते.

हा देश मिरवतो ते पांढऱ्या वाळूचे किनारे नाहीत, ते त्यांच्याकडे फारसे नाहीतच. मिरवतो ते डोंगर, पाऊस, 'वर्षाच्या दिवसांइतक्या' म्हणजे ३६५ नद्या आणि सिसेरू पोपट. झेंड्यावरही तोच पोपट. ब्रीदवाक्य क्रिओलमध्ये आहे आणि त्याचा मथितार्थ 'देवाच्या खालोखाल जमीन'.

आता त्याच जमिनीवर ईशान्येला वेस्ली गावाजवळ मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ होतोय. डोंगर कापलेत, लोकांची घरं-शेतं घेतलीत. शिवाय बॉयलिंग लेक या डोंगरातल्या उकळत्या तळ्याकडे जाणारी साडेसहा किलोमीटरच्या आसपास लांबीची केबल कार. आम्हाला नेणारा टॅक्सीवाला विमानतळाबद्दल इतक्या अभिमानाने बोलत होता की मी गप्पच बसले. पण परतल्यापासून डोक्यात घोळतंय. ज्या गोष्टीचा अभिमान आहे तीच विकायला काढली तर अभिमान कशाचा उरतो? तुम्हाला काय वाटतं?

वाटसरू७७

रुमाल टाकून ठेवतो. फोटो कुठायत?

नाक्यावरचा

डॉमिनिका म्हणजे आपले मेहुलभाई चोक्सी जिथे 'पर्यटनाला' गेले होते तेच ना? मे २०२१. त्यांनाही डोंगरदऱ्या आवडल्या असाव्यात, ५१ दिवस मुक्काम होता. ;)

आकडेमोड

@नाक्यावरचा, विनोद ठीक आहे, पण त्यांचं नागरिकत्व अँटिग्वाचं होतं. डॉमिनिकात ते बेकायदा प्रवेशाच्या आरोपाखाली पकडले गेले, २०२२ मध्ये तो खटला मागे घेतला गेला. तरी तुम्ही नकळत मुद्द्याच्या जवळ पोचलात, कारण या विमानतळाचा पैसा येतो कुठून ते विचारा. डॉमिनिका १९९३ पासून नागरिकत्व विकतं. बरीच वर्षं भाव एक लाख डॉलर होता, २०२४ मध्ये शेजारच्या देशांबरोबर करार करून दोन लाख केला. सरकारी उत्पन्नाचा मोठा हिस्सा त्यातून येतो. घरं, दवाखाने, वायव्येला काब्रिट्सजवळचं पंचतारांकित हॉटेल, विमानतळ, सगळ्यात तो पैसा आहे.

त्याची किंमत कोणी मोजली? जुलै २०२३ मध्ये ब्रिटनने डॉमिनिकाच्या पासपोर्टला असलेली व्हिसामाफी काढून घेतली. कारण हेच दिलं, पैसे घेऊन पासपोर्ट वाटता. ज्या बाईची सख्खी बहीण चाळीस वर्षं लंडनला आहे तिला आता भेटीला जायचं तर अर्ज, फी, बोटांचे ठसे. देशाभिमानावर खरा ओरखडा तिथे आहे. केबल कारचं दुःख आपण नंतर करू.

जुना_जाणता

धागाकर्तीबाई, राग मानू नका, पण टोरांटोत बसून 'त्यांनी गरीब आणि हिरवं राहावं' म्हणणं सोपं आहे. तुमच्या पिअरसन विमानतळावरून जगात कुठेही थेट विमान मिळतं तुम्हाला. त्या बेटावरच्या माणसाला आईच्या अंत्यविधीला न्यूयॉर्कहून यायचं तर अँटिग्वा नाहीतर बार्बाडोसला उतरून छोट्या विमानाची वाट बघत बसायला लागायचं. मायामीहून थेट विमान सुरू झालं डिसेंबर २०२१ मध्ये. स्वातंत्र्यानंतर ४३ वर्षांनी! तेही छोटं विमान, कारण धावपट्टीच तेवढी.

केळ्यांवर पोट होतं त्यांचं. ब्रिटनला केळी जायची, सवलतीचा बाजार होता. नव्वदच्या दशकात अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत भांडून ती सवलत मोडून काढली. मग करायचं काय त्या शेतकऱ्याने? पोपट बघायचा?

शेवग्याची शेंग

@जुना_जाणता, राग नाही. पण 'गरीब राहावं' असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा. मी प्रश्न विचारलाय.

जुना_जाणता

प्रश्नाच्या पोटात उत्तर होतं.

शेवग्याची शेंग

तुम्हाला ते दिसलं, त्याला माझा इलाज नाही.

क्रिकेटवेडी

भांडू नका, मी विषय बदलते. यशस्वी जयस्वालचं कसोटी पदार्पण रोझोच्या विंडसर पार्कवर झालं, जुलै २०२३. १७१! आझाद मैदानाच्या तंबूत राहिलेल्या पोराने त्या डोंगरांच्या कुशीतल्या मैदानावर ते शतक काढलं. अश्विनचे सामन्यात बारा बळी. तिसऱ्या दिवशीच डावाने खेळ खलास. मी रात्री जागून पाहिलं आणि सकाळी ऑफिसात पेंगले.

त्याच कसोटीत समोरून, वेस्ट इंडीजकडून, आलिक अथानाझ पदार्पण करत होता, तो डॉमिनिकाचाच. ४७ केल्या घरच्या मैदानावर. तो आऊट झाला तेव्हा स्टेडियममधला आवाज आठवतोय. आपण जिंकत होतो तरी पोटात कालवलं.

वाटसरू७७

त्याच मैदानावर २०११ मध्ये आपण १५ षटकांत ८६ धावा हव्या असताना, सात गडी हातात असताना, खेळ सोडून हात मिळवून परत आलो होतो. त्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून तरी प्रत्येक भारतीयाने डॉमिनिकाला पर्यटनाला जावं.

क्रिकेटवेडी

@वाटसरू७७ +१००. ते अजून बोचतं.

इंजिनरूम

मी देवगडचा. क्रूझ जहाजावर इंजिन डिपार्टमेंटला बरीच वर्षं होतो, आता घरी. कॅरिबियन सीझनला रोझोचा धक्का किती वेळा पाहिला ते मोजायच्या पलीकडचं. आमच्या जहाजांवर गोव्याचे नि कोकणातले पोरगे ढिगाने असतात, त्यामुळे रोझोच्या रस्त्यावर 'काय रे, खंय चल्लंस' ऐकू आलं तर दचकू नका.

सांगायचं ते हे. सकाळी आठला जहाज लागतं, चार-पाचला सुटतं. तीन-चार हजार माणूस एकदम उतरतं, आणि रोझो शहर सगळं मिळून पंधरा हजारांचं. कधी दोन जहाजं एकाच दिवशी. रस्ता अरुंद, गटारं उघडी, सगळ्या व्हॅनी एकाच धबधब्याला. आणि एवढी माणसं गावात किती पैसे टाकतात? न्याहारी जहाजावर, जेवण जहाजावर, सहलीचं बुकिंगही जहाजावरच, म्हणजे त्यात जहाजाचा वाटा आधीच कापलेला. गावात उरतात टोपी, मॅग्नेट आणि एखादी कुबुली बिअर. खरा खर्च आम्ही क्रूवाले करायचो! सिमकार्ड, वायफाय, तळलेली कोंबडी, साबण-पेस्ट. धक्क्याजवळच्या एका बाईच्या टपरीवर आमचं खातं होतं म्हणा ना. तिला आमच्या शिफ्ट तोंडपाठ. जहाज लागायच्या आधीच ती तेल तापवून ठेवायची.

म्हणून विमानतळाला विरोध आणि क्रूझला मूक संमती, हे मला उलटं वाटतं. विमानाने येणारा माणूस चार रात्री झोपतो. झोपणारा माणूस भाडं देतो, भाजी खातो, टॅक्सी करतो. दिवसाढवळ्या येऊन जाणारा फोटो काढतो.

आकडेमोड

इंजिनरूम, हा धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. एवढंच जोडतो की झोपणारा माणूस कोणाच्या खाटेवर झोपतो हेही बघायला हवं. नागरिकत्वाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या आलिशान हॉटेलात झोपला तर नफा परत बाहेर जाऊ शकतो.

प्राजक्ता_बे

झोपणाऱ्यांवरून लिहिते. माझी भाची पोर्ट्समथला होती, बेटाच्या वायव्येला. तिथे रॉस युनिव्हर्सिटीचं मेडिकल कॉलेज होतं, अमेरिकेतली कितीतरी देशी मुलं तिथे शिकायची. ही मुलं पर्यटक नव्हेत, पण पैशाच्या हिशोबाने पर्यटकांच्या वरताण. सोळा-सोळा महिने राहायची. गावात जो तो वरचा मजला चढवून खोल्या भाड्याने देत होता. कॉलेजसमोर टपऱ्यांची ओळ, तिथल्या एका काकूंनी भाचीकडून शिकून मसूर आमटी करायला सुरुवात केली होती. नाव 'लेंटिल सूप', चव फोडणीची.

१८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री मारिया चक्रीवादळ आलं. कॅटेगरी पाच, म्हणजे सगळ्यात वरची. पंतप्रधान स्केरिट यांनी त्या रात्री फेसबुकवर लिहिलं की माझं छप्पर उडालंय. मग सगळं शांत. आम्हाला भाचीचा आवाज कितीतरी दिवसांनी ऐकू आला. ती म्हणाली ते विसरत नाही: सकाळी दार उघडलं तर डोंगर तपकिरी होते. झाडं उभी होती पण एकाला पान नव्हतं, आणि मधली झाडी गेल्यामुळे, इतके दिवस न दिसणारी लांबची घरं एकदम समोर आली होती. बिनछपराची.

नुकसानीचा सरकारी आकडा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या २२६ टक्के. म्हणजे सव्वादोन वर्षांची सगळ्या देशाची कमाई एका रात्रीत. आणि त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, २०१५ मध्ये, एरिका वादळाने झोडपलं होतं.

कॉलेज गेलं ते गेलंच. काही काळ सेंट किट्सला नांगरलेल्या जहाजावर वर्ग भरले, मग टेनेसी, आणि २०१९ पासून बार्बाडोस. पोर्ट्समथमध्ये कर्ज काढून चढवलेले वरचे मजले रिकामे. त्या गावाला कुणी 'पर्यटन हवं की नको' विचारून बघावं.

जुना_जाणता

@प्राजक्ता_बे, हेच म्हणतोय मी. तुम्ही नीट सांगितलंत.

प्राजक्ता_बे

@जुना_जाणता, थांबा, मी पूर्ण तुमच्या बाजूची नाही. एकाच गिऱ्हाईकावर अख्खं गाव टाकलं की काय होतं तेही यात आहे. आधी केळी, मग कॉलेज, आता पासपोर्ट.

मुक्काम पोस्ट

बॉयलिंग लेक केलाय मी. लोदा गावाजवळून सुरुवात, जाऊन-येऊन सहा तास, चिखल आणि लाकडी ओंडक्यांच्या पायऱ्या. वाटेत व्हॅली ऑफ डेसोलेशन लागते. पिवळे-पांढरे दगड, जमिनीतून फुसफुसणारी वाफ, सडक्या अंड्याचा वास. हातातलं चांदीचं कडं तिथून बाहेर पडेपर्यंत काळंठिक्कर झालं होतं. आमच्या गाइडने एका उकळत्या झऱ्यात जाळीत बांधून अंडी उकडली, मीठ-मिरची खिशातून काढली, आणि तिथला राखाडी चिखल आमच्या तोंडाला फासला. तळं धुक्याने भरलेलं होतं. गाइड म्हणाला, थांबा. वारा आला, वाफ सरली आणि मधोमध उसळणारं करडं पाणी दिसलं. पाच सेकंद असेल नसेल.

केबल कारने हे वीस-पंचवीस मिनिटांत 'होईल'. म्हातारी माणसं, अपंग माणसं बघू शकतील, ते चांगलंच आहे. पण तळ्याभोवतीचं राष्ट्रीय उद्यान १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि क्रूझचे तीन हजार थेट वर चढले तर काय, हे इंजिनरूमच सांगू शकतील. शिवाय त्या गाइडचं काय? तो अंडी कुणाला खिलवणार?

अभिमानाबद्दल आणखी एक. पूर्व किनाऱ्यावर कालिनागो या बेटावरच्या मूळ रहिवाशांची वस्ती आहे, १९०३ मध्ये राखून दिलेली, ३७०० एकर. जमीन सामाईक, विकता येत नाही. हॉलिवूडचा समुद्री चाच्यांचा मोठा सिनेमा २००५ मध्ये डॉमिनिकात चित्रित होत होता तेव्हा त्यात बेटावरचे आदिवासी नरभक्षक दाखवणार म्हणून कालिनागो प्रमुखांनी जाहीर आक्षेप घेतला. कोलंबसाच्या काळापासून चिकटवलेला तो कलंक. आणि गंमत बघा, त्याच समाजातल्या काहींनी त्या सिनेमात कामंही केली, कारण रोजंदारी मिळत होती. दोन्ही गोष्टी एकाच गावात. २०२३ पासून देशाच्या राष्ट्राध्यक्ष सिल्व्हानी बर्टन आहेत, कालिनागो समाजातल्या पहिल्या आणि पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष.

पुणेरी_मिसळ

त्याच बर्टनबाईंच्या हस्ते नोव्हेंबर २०२४ मध्ये गयानात आपल्या पंतप्रधानांना डॉमिनिकाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. कारण फेब्रुवारी २०२१ मध्ये भारताने पाठवलेले लशीचे ७०,००० डोस. लस कोविशिल्ड, म्हणजे आमच्या मांजरी-हडपसरची. खोकी विमानातून उतरवताना स्केरिट स्वतः हमाली करत होते, व्हिडिओ आहे. तर त्या देशाच्या जडणघडणीत पुण्याचा वाटा आहे हे नम्रपणे नोंदवतो.

नाक्यावरचा

'नम्रपणे' आणि 'पुणे' एकाच वाक्यात. वाचनखूण साठवली.

सुगरण_नाही

खायचं काय मिळतं तिथे? इथे एवढं लिहिलं आणि कुणी जेवलेलंच दिसत नाही.

शेवग्याची शेंग

@सुगरण_नाही, राष्ट्रीय पदार्थ कलालू. डाशीनची कोवळी पानं, नारळाचं दूध, मिरची, बहुतेकदा खेकडा. डाशीन म्हणजे आपला अळू! चिरून, शिजवून, घोटून. मी पहिला चमचा तोंडात घातला आणि चिंच-गूळ शोधायला लागले.

सुगरण_नाही

म्हणजे अळूचं फदफदं हा ज्या देशाचा राष्ट्रीय पदार्थ आहे तो देश आम्हाला इतकी वर्षं कुणी सांगितला नाही? लग्नाच्या पंगती तिथेच लावा आता.

मुक्काम पोस्ट

आधी राष्ट्रीय पदार्थ वेगळा होता, 'माउंटन चिकन'. नाव कोंबडीचं, प्राणी बेडूक. चांगला किलोभराचा. आधीच खाऊन खाऊन कमी केलेला, त्यात २००२ च्या सुमारास बुरशीचा रोग आला आणि थोड्याच काळात बेडूक जवळपास संपला. मग शिकार बंद, आणि २०१३ मध्ये मान कलालूला. एखाद्या देशाने आपला राष्ट्रीय पदार्थ बदलला तो प्राणी वाचवण्यासाठी, हे मला त्या झेंड्यावरच्या पोपटाइतकंच मोठं वाटतं.

नाक्यावरचा

बेडकाच्या जागी अळू. शाकाहारी मंडळाने सत्कार ठेवावा. (खेकडा काढून.)

व्यवस्थापक

शाकाहार-मांसाहार हा विषय इथे सुरू होण्याआधीच थांबवतो आहे. त्यासाठी आधीचे चौदा धागे उपलब्ध आहेत.

क्रिकेटवेडी

अभिमानाचं बोलतोय आणि थिया लाफाँडचं नाव अजून कुणी घेतलं नाही? ३ ऑगस्ट २०२४, पॅरिस, तिहेरी उडी, १५.०२ मीटर. डॉमिनिकाचं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक आणि तेही सुवर्ण! त्याच संध्याकाळी सेंट लुशियाच्या ज्युलियन आल्फ्रेडने शंभर मीटर जिंकली. दोन टिचभर शेजारी देश, दोघांचंही पहिलं पदक, एकाच संध्याकाळी. आणि पदकानंतर थियाने देशात सरावाला धड ट्रॅक नाही हेही बोलून दाखवलं. ती लहानपणीच अमेरिकेत गेलेली, तिथेच घडली.

जुना_जाणता

आता बघा. क्रिकेटचं स्टेडियम २००७ मध्ये चीनने बांधून दिलं, विमानतळ पासपोर्टच्या पैशाचा, पदक अमेरिकेत घडलेलं. तरी ते लोक छाती काढून चालतात, आणि चालावंच. मुद्दा एवढाच की पैसा बाहेरून आला म्हणून अभिमान खोटा होत नाही. आपल्याला फक्त कॅलेंडरावरचा अभिमान आवडतो, हिरवा आणि शांत.

आकडेमोड

हे वाक्य मला पटलं, जरी तुमच्याकडून आलं असलं तरी. फक्त बाहेरच्या पैशाची अट काय आहे तेवढं विचारत राहावं. वेस्लीची जमीन घेतली त्याचा मोबदला घरटी कसा मिळाला, विमानतळाचा हिशोब संसदेत किती उघड झाला, यावर तिथला विरोधी पक्ष वर्षानुवर्षं बोलतोय. तोही देशाभिमानच.

इंजिनरूम

@मुक्काम पोस्ट, केबल कारबद्दल विचारलंत. माझं मत: जहाजवाले सहल विकणारच, ती सगळ्यात महागडी सहल होईल. चढू द्या, पण रोजची संख्या बांधून. व्हेलच्या बाबतीत त्यांनी तसंच केलंय. बेटाच्या पश्चिमेला स्पर्म व्हेलची कुटुंबं वर्षभर असतात, नोव्हेंबर २०२३ मध्ये जवळपास ८०० चौरस किलोमीटर समुद्र त्यांच्यासाठी राखीव जाहीर केला. व्हेलसोबत पाण्यात उतरायला परवाना लागतो, वाट्टेल तितक्यांना मिळत नाही. जे समुद्रात जमतं ते डोंगरावर का जमू नये?

आणि गाइड पोरांना केबल कारच्या वरच्या टोकापासून पुढचं काम द्या. अंडी तिथेही उकडतात.

शेवग्याची शेंग

इंजिनरूम, प्राजक्ता, मुक्काम पोस्ट, तुमच्यामुळे धागा काढल्याचं सार्थक झालं. विमानतळाबद्दल मी जितकी साशंक होते तितकी आता नाही. पासपोर्टांबद्दल मात्र जास्त आहे. केबल कारवर अजून कुंपणावर बसून आहे. जुना_जाणता, तुमचंही आभार. पण पुढच्या वेळी टोरांटो मध्ये आणू नका, इथे उणे वीस आहे.

वाटसरू७७

सगळं छान. आता कामाचं बोला: भारतीय पासपोर्टवर जाता येतं का? फेब्रुवारीत कार्निव्हल असतो ना?

मुक्काम पोस्ट

@वाटसरू७७, पर्यटनासाठी डॉमिनिकाचा व्हिसा लागत नाही. खरी कटकट वाटेतल्या देशांची. अमेरिकेतून जायचं तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा हवा. बार्बाडोसमार्गे सोपं, तिथेही आपल्याला व्हिसा नको, पण बार्बाडोसपर्यंत कसे पोचता ते बघा. ग्वादलूप-मार्टिनिकहून बोट आहे, देखणा प्रवास, पण ती फ्रान्सची बेटं, त्यांचा व्हिसा वेगळा तपासून घ्या. कार्निव्हल लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपासाच्या काळाच्या) आधीचे सोमवार-मंगळवार, तारीख दरवर्षी हलते. खोली आत्ताच बघा, आणि शक्यतो कुणाच्या तरी घरातली वरच्या मजल्याची.

प्राजक्ता_बे

पोर्ट्समथला बघणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. भाचीच्या जुन्या घरमालकिणीशी अजून बोलणं असतं आमचं. आमटी करतात की नाही ते विचारून सांगते.

नाक्यावरचा

वाटसरू, फोटो तुम्ही पहिल्याच प्रतिसादात मागितले होते. आता तुमच्यावर आलं.